बरडीवरचे सतरा मोह

जंगलखात्यात होतो म्हटलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, "वाघ पाह्यला का?" सुनेच्या माहेरचे विचारतात, दवाखान्यातला कंपाउंडर विचारतो, सौसरच्या बसस्टँडवर शेजारी येऊन बसलेला अनोळखी माणूससुद्धा विचारतो. पाहिला ना बाप्पा! खरा वाघ बत्तीस वर्षांत दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा त्यानं मला काडीची किंमत दिली नाही. दुसरा वाघ आता दहा ते सहा केव्हाही पाहता येतो. तिगावच्या बाजूला एका गावाशेजारी जो नवा पार्क झाला, त्याच्या फाटकाशी तो बसला आहे. सिमेंटचा आहे, एक कान उडालेला आहे, आणि लोक त्याच्या पाठीवर पोरं बसवून फोटो काढतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहतात आणि साहेब अजून नोकरीत आहेत.

खऱ्या वाघाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती या सिमेंटच्या वाघाबद्दल. तो जिथं बसला आहे तिथं आधी काय होतं हे मला ठाऊक आहे, आणि ते तिथून जायला माझीच सही कामी आली.

मी नाकेदार होतो. कागदावर वनरक्षक, पण आमच्या सौसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात वनरक्षक म्हटलं तर कोणी ओळखत नाही, नाकेदारच म्हणतात. नाकेदाराकडे जंगलाचा एक तुकडा असतो, त्याला बीट म्हणतात. बीटचे नंबर घातलेले कक्ष, आणि कक्षाच्या हद्दीवर चुना फासलेले दगडी मुनारे. एवढं सगळं राखायला सरकार काय देते? एक काठी, गुन्ह्याच्या पावत्यांचं पुस्तक आणि एक हातोडा. हातोड्याच्या तोंडावर अक्षरं कोरलेली असतात. झाडाची साल थोडी सोलून त्यावर हातोडा मारला की छाप उमटतो. छाप असलेलं झाड तोडायचं, नसलेलं नाही. आणि छाप नसलेलं ठूठ, म्हणजे बुडखा, जंगलात सापडला की नाकेदाराची मान सापडली.

म्हणून साहेबलोक दौऱ्यावर आले की खाली पाहत चालतात. सगळी नोकरी मी हेच पाहिलं. वर मान करून उभं झाड कोणी मोजलं नाही, सगळ्यांनी बुडखे मोजले. जे आहे त्याची चौकशी नाही, जे गेलं त्याचीच. मी पण तसाच शिकलो.

एक गंमत सांगतो. एकदा एक साहेब रोपवन पाहायला आले. वैशाखात पाण्याविना अर्धी रोपं वाळून गेली होती. आदल्या दिवशी मुकादमानं काय करावं? निरगुडीच्या हिरव्या फांद्या तोडून प्रत्येक गड्ड्यात खोचून टाकल्या! साहेब खूश झाले. फोटोसाठी एका रोपाजवळ उकिडवे बसले, प्रेमानं हात लावला, तर रोप हातातच आलं. आम्ही सगळे जमिनीकडे पाहू लागलो. साहेबांनी एकवार इकडेतिकडे पाहिलं, फांदी परत गड्ड्यात खोचली, वरून माती दाबली आणि म्हणाले, "अभी जड़ पकड़ रहा है." आम्ही "जी सर" म्हटलं. तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. आता आठवलं की हसू येत नाही, संताप येतो.

तर ती बरडी. बरडी म्हणजे मुरमाड उंचवटा, जिथं नांगर चालत नाही. माझ्या बीटच्या एका कडेला, गावाला लागून ही बरडी होती. खालून पाहिलं तर नुसती कुसळं आणि पळसाची झुडपं. वर चढून गेलं की मात्र माणूस थबकायचा. धावडा होता, चार म्हणजे चारोळीची झाडं होती, बिजाची जुनी झाडं होती, पाचपन्नास साग होते आणि मधोमध सतरा मोह. दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत असे एकेक. गवतात तित्तरांची अंडी असायची, पाय जपून टाकावा लागे.

मी नवीन रुजू झालो तेव्हा जुने नाकेदार तुळशीरामजी सेवानिवृत्त होत होते. त्यांनी मला चार्ज दिला. पत्र्याची पेटी, हातोडा, पुस्तकं, नकाशा. शेवटी बीटचं रजिस्टर उघडलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"हे पाय. या बरडीपुढं 'रिक्त' लिहेल हाय. माह्या आधीच्यानं तेच लिहिलं, मी बी तेच लिहिलं. तू बी तेच लिहिजो."

मी चक्रावलो. "पण काका, वर तं जंगल हाय!"

"हाय म्हणूनच सांगून राहिलो ना बे! काही हाय असं लिहिलं की वरून कोणीतरी पाह्यले येते. पाह्यले आला की मोजते. मोजलं की हातोडा मारते. हातोडा मारला की तोडते. कागदावर काहीच नाही, तं येणार कोण मरायले?"

मोह तोडायचा नाही असा नियम तेव्हाही होता. पण सागासाठी एकदा ट्रक आत शिरला की ट्रकवाल्याला मोह आणि साग सारखेच दिसतात. तुळशीरामजींनी शेजारचे दोन कक्ष असेच साफ होताना पाहिले होते. म्हणून ही बरडी त्यांनी कागदावरून पुसून टाकली आणि जमिनीवर राखली. मला ते फार पटलं. खोटं लिहून खरं वाचवायचं, यात मला मर्दुमकी वाटली. दर वेळी नवीन रजिस्टर यायचं, मी झोकदार अक्षरात लिहायचो, 'रिक्त, पथरीली भूमि'. आणि बरडी राहिली ना! तीन नाकेदारांच्या नोकऱ्या झाल्या, पण वर एक कुऱ्हाड चालली नाही.

हे गुपित माझ्याशिवाय आणखी एका माणसाला माहीत होतं, सुंदराबाईला. सुंदराबाई शेतमजूर. नवरा लवकर गेला. कापूस वेचायचा, संत्र्याच्या बागेत निंदण-खुरपण करायचं, आणि कापूस संपला, बागेतलं काम आटपलं की मोहफुलांची वाट पाहायची. त्या दीड महिन्यात कुठंच काम नसतं. गावातल्या दहाबारा घरांच्या बाया त्या सतरा झाडांकडे निघायच्या, त्यात पुढं सुंदराबाई. प्रत्येक झाडाला नाव होतं आणि कोणतं झाड कोणाचं हे सासूकडून सुनेकडे येत होतं. झाडाखालची जमीन खराट्यानं झाडून अंगणासारखी करायची, मग पहाटे टपकलेली फुलं वेचायची. दुसऱ्या भागांत लोक झाडाखालचा पाला जाळतात आणि वणवा लागतो. या बायांनी कधी काडी ओढली नाही. सुंदराबाईचा दराराच तसा होता. एकीनं एकदा पाला पेटवला तर तिला म्हणाली, "तुह्या घरात चूल नाही का वं?"

सुंदराबाई बौद्ध, आणि मीसुद्धा त्याच समाजाचा, लोधीखेड्याकडचा. विहारात भेट व्हायची. "जय भीम भाऊ," म्हणायची आणि लगेच कामाचं विचारायची, "बरडीवर कोणी येऊन नाही ना राहिलं?" मी म्हणायचो, "कोण येते? कागदावर तिथं काहीच नाही." ती तोंडाला पदर लावून हसायची. तिच्या दोन पोरींची लग्नं त्या फुलांवर झाली, हे ती कोणालाही सांगायची.

माझी नोकरी दीड वर्ष राहिली असताना योजना आली. उद्यानं आणि संवर्धन, अशी मोठी योजना. सोबत गुळगुळीत कागदाची पुस्तिका, वर हरणाचं चित्र, आत मोर. पांढुर्णा जिल्हा झालेला, नवीन जिल्ह्याला नवीन पार्क पाहिजे, असं सगळे म्हणत होते. आम्हाला एक फॉर्म आला: बीटमधल्या प्रत्येक कक्षाची सद्यस्थिती भरून पाठवा. मी नाक्यावर, म्हणजे आमच्या चौकीत, चहा पिता पिता फॉर्म भरला. बरडीपुढं हात आपोआप चालला. रिक्त. खाली सही ठोकली. एवढंच नाही, मनात म्हटलं, चला, याही वेळी बरडी वाचली.

पुस्तिका मी वाचलीच नव्हती. हरणाचं चित्र पाहून टेबलाच्या खणात टाकली होती. आत लिहिलं होतं की पार्कासाठी फक्त रिक्त वनभूमीच निवडावी, म्हणजे एकही झाड तोडावं लागणार नाही. काय उदात्त विचार आहे! जन्मभर ज्या शब्दामुळं तिकडं कोणी फिरकलं नाही, तोच शब्द या वेळी ते शोधत होते. साहेबांनी ऑफिसात बसून संगणकावर तो शब्द टाकला असेल आणि माझी बरडी सगळ्यात वर आली असेल. रस्त्याला लागून, गावाजवळ, आणि रिकामी. असं स्थळ कोण सोडते?

मला कळलं ते सुंदराबाईकडून. ती धापा टाकत नाक्यावर आली. "भाऊ, बरडीवर चुन्याच्या रेघा मारून राहिले. कोणाचं लगन हाय तिथं?"

मी वर गेलो. टेप घेतलेली माणसं होती. 'म्हातारी' म्हणून जो सगळ्यात मोठा मोह होता, त्याच्या बुंध्याभोवती चुन्याचा गोल काढला होता. मी तसाच साहेबांकडे गेलो. हे साहेब त्या रोपवाल्यांपैकी नव्हेत. हे नवीन, हुशार, गोड बोलणारे. मी सगळं सांगितलं. तुळशीरामजींपासून सांगितलं. सतरा मोह, बिजा, चार, तित्तरं. पार्क करायचाच तर आहे ते तसंच ठेवा, कुंपण घाला, पाट्या लावा, बायांना पहाटे फुलं वेचू द्या, याच्याहून चांगला पार्क तुम्हाला कुठं मिळणार आहे? असं मी म्हटलं, आणि माझ्या मते चांगलं म्हटलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग फाईल उघडून माझी सही मला दाखवली.

"ये आपके हैं ना?"

"जी सर."

"तो इतने साल आप झूठी जानकारी भेजते रहे? लिखकर दीजिए. मैं आगे भेज दूँगा." मग आवाज खाली करून म्हणाले, "देखिए, पार्क तो रुकेगा नहीं, मंज़ूर हो चुका है. जाँच आप पर बैठेगी. रिटायरमेंट में कितना बाकी है?"

"पण साहेब, झाडं तोडायला परवानगी लागेल ना?"

साहेब हसले. आजही ते हसू आठवलं की कानशिलं तापतात. म्हणाले, "जो रिकॉर्ड में है ही नहीं, वो कटेगा कैसे?"

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, असं थोडंच असते! असतेच राजा. झाड कागदावर नसेल तर ते तोडायला परवानगी लागत नाही, तोडलं तर गुन्हा होत नाही, आणि त्याचा बुडखाही बुडखा नसतो. आणि वर योजनेचं नाव काय, तर संवर्धन! कोणाचं संवर्धन? कशाचं? जन्मभर मी बायांच्या डोक्यावरच्या सरपणाच्या मोळ्या उतरवून घेतल्या, काटक्या मोजून पावत्या फाडल्या, आणि इथं दिवसाढवळ्या टेकडी कापणाऱ्यांना सरकारी पाणी आणि सरकारी नाश्ता.

साहेब लिहून द्या म्हणाले होते. कोरा कागदही पुढं सरकवला होता. मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि परत आलो.

नाक्याच्या पायरीवर सुंदराबाई बसली होती.

"काय म्हणे साहेब?"

"पाहू म्हणाले."

"तुमी लिहून द्या ना भाऊ. तुमच्या लिहिण्यावरच चालते म्हणता ना सारं?"

"देतो," मी म्हटलं.

कागद खिशात होता. दुसऱ्या दिवशी होता, तिसऱ्या दिवशीही होता. मी दोनदा लिहायला बसलो. एकदा तर 'महोदय' लिहिलं. मग डोळ्यापुढं चौकशी यायची, निलंबन यायचं, मुलाच्या सासरी काय तोंड दाखवायचं ते यायचं. आणि मी पेन खाली ठेवायचो.

फाल्गुनात जेसीबी मशीन आली. मोहाला फांद्यांच्या टोकांशी कळ्यांचे घोस धरले होते, आठदहा दिवसांत टपकायला लागले असते. बाया आडव्या उभ्या राहिल्या. साहेबांनी मला फोन केला की बीट तुमची आहे, तुम्हीच समजवा. मी खाकी घालून गेलो आणि त्या बायांना म्हटलं, "बाया हो, घरी जा." सुंदराबाईनं खराटा खांद्यावर टाकला आणि सगळ्यांच्या पुढं निघाली. संध्याकाळपर्यंत सोळा मोह आडवे झाले होते. कळ्यांसकट. सगळीकडे तो गोडसर वास सुटला होता आणि ड्रायव्हर विचारत होता, हा कशाचा वास आहे म्हणून.

म्हातारी वाचली. कोणा आर्किटेक्टला ती सेल्फीसाठी बरी वाटली. तिच्या बुंध्याभोवती टाइल्सचा ओटा बांधला. बाकी बरडीवर फरशा, विकतची हिरवळ, टँकरच्या पाण्यावर जगणारे पाम, सशाच्या तोंडाच्या कचरापेट्या आणि झाडाच्या बुंध्यासारखं रंगवलेलं सिमेंटचं फाटक. खरे बुंधे काढून सिमेंटचा बुंधा बसवला! उद्घाटनाला मला शाल दिली. तोवर मी सेवानिवृत्त झालो होतो. भाषणात सांगितलं की या ओसाड टेकडीची यांनी अनेक वर्षं राखण केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली, तेही सांगून टाकतो.

पुढच्या चैत्रात सुंदराबाई माझ्या घरी आली. म्हणाली, म्हातारी टपकून राहिली आणि पार्कातला माणूस सकाळी ती फुलं झाडून कचऱ्याच्या ट्रॉलीत टाकून राहिला. मी तिला घेऊन पार्कात गेलो. मॅनेजर म्हणून एक ठेकेदाराचा माणूस होता. मी म्हटलं, "फेकताच ना? मग या बाईला पहाटे वेचू द्या." तो म्हणाला, "अंकल, यहाँ से कुछ भी उठाना मना है. संरक्षित क्षेत्र है." तेवढ्यात मागून कचऱ्याची ट्रॉली गेली. वर मोहफुलांचा ढीग होता, ताजा, पिवळा. सुंदराबाई ट्रॉलीमागं दोन पावलं चालली आणि थांबली.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तक्रारवही आण. तो म्हणाला, तक्रारवही नाही, अभिप्राय वही आहे. आण तीच! पहिल्या पानांवर 'सुंदर', 'बहुत बढ़िया', 'बच्चे खुश हुए' असं काहीबाही होतं. मी नवीन पान काढलं, वर कक्षाचा नंबर लिहिला आणि लिहिलं, 'मौके की स्थिति', म्हणजे जागेवर खरोखर काय आहे ते. मग सुंदराबाईला म्हटलं, "सांगा. एकेक सांगा."

ती ओट्यावर बसली आणि डोळे मिटून, जणू वर चढत आहे तशी, सांगू लागली. आधी नवरदेव, सगळ्यांत पहिला फुलायचा तो. मग दोन जुळ्या. मग वाकडी, लंगडा, विजेचा, सासू. गायकी, म्हणजे गुराखी, ज्याच्याखाली बसायचा तो गायकीचा. मोहळाचा. नाल्यावरचा. काशीबाईचा, म्हणजे सुंदराबाईच्या सासूचा. ज्याच्या सालीवर नखं होती तो बिबट्याचा. मुकी, जिला फारशी फुलं येत नसत. गोडा. दगडफोड्या. उशिरी. आणि म्हातारी. सतरा भरले. मी प्रत्येकापुढं बुंध्याची गोलाई लिहिली, ती मला पाठ होती. जन्मात पहिल्यांदा मी त्या बरडीबद्दल खरं लिहिलं, आणि तेही कुठं, तर सेल्फी पॉइंटच्या वहीत.

आठवड्यानं गेलो तर पान फाडलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी फाडलं, असं झाडणाऱ्यानं सांगितलं. मग मी ठरवलं की दिवाळी अंकाला लिहून पाठवायचं. सुंदराबाईला सांगायला गेलो. ती अंगणात तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत होती. तिनं हातातलं काम न थांबवता विचारलं, "कोण वाचते ते?"

"नागपूर, अमरावती, कुठकुठचे लोक वाचतात."

"सारी नावं टाकली?"

"सतराच्या सतरा."

"बरं केलं." खराट्याची दोरी तिनं दातात धरून आवळली. मग म्हणाली, "भाऊ, तवा काहून नाही लिहून देल्लं?"

पुढं सरकवलेला कोरा कागद अजून माझ्या पेटीत आहे, 'महोदय' लिहिलेला. मला पुष्कळ सांगता आलं असतं. साहेब सांगता आले असते, मंजूर झालेली योजना सांगता आली असती, तुळशीरामजी सांगता आले असते.

"भेलो होतो, सुंदराबाई," मी म्हटलं.

"ते माईत होतं मले," ती म्हणाली. "तुमी कवा सांगता, तेच पाहून राहिली होती."